रफीकजवळ दुसरे कार्ड नव्हते

रफीक गेल्याची बातमी मला पुरवणीच्या संपादकांनी फोनवरून दिली. पुढचे वाक्य होते, "तुमचे मित्र ना ते? एक लेख द्या... आणि चांगला फोटो." मित्र हा शब्द मी तिथेच दुरुस्त केला. धानोऱ्यात आम्ही दोन प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांचे वार्ताहर होतो आणि आम्हाला एकमेकांचे तोंड पाहवत नव्हते. दोघांत मिळून एक कॅमेरा होता, त्यावरून लोकांनी मैत्रीचा निष्कर्ष काढला. दफनाला मी गेलो नाही. चाळिसावा आटोपल्यावर फोटोसाठी त्याच्या घरी गेलो.

कॅमेऱ्याचे असे झाले. रोल एसटीने गडचिरोलीला पाठवून फोटो दुसऱ्या दिवशी छापून येण्याचे दिवस संपले होते. डेस्कला संध्याकाळी ईमेलवर फोटो हवा असे. चंद्रपुरात कोणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा विकायला निघाला. एकट्याला परवडणार नव्हता, म्हणून दोघांनी घेतला, आणि बाहेर पडताच तो कोणाकडे राहायचा यावर भांडण झाले. तोडगा रफीकने काढला. "कॅमेरा माह्या घरी, कार्ड तुह्या खिशात. मंग कोणी कोणाले फसवणार नाई." मी ते मेमरी कार्ड रोलच्या रिकाम्या डबीत ठेवू लागलो. नियम चोख होता, पण कॅमेरा जुना होता. त्यातला प्रत्येक बिघाड हा एकाने दुसऱ्यावर ठेवलेला आरोप होता. सेल एका सभेत संपले की तो म्हणे, "स्क्रीन पाह्यत बसतं, मंग कसे टिकतीन?" काच आतून धुरकट झाली की मी विचारी, पावसात मोटरसायकलवर उघडा कोणी नेला? तारीख मागे गेली, झूम अर्ध्यात अडकला, फ्लॅश उडेनासा झाला... एकदाही 'बिघडला' हा शब्द आमच्यात वापरला गेला नाही. 'तू बिघडवला' एवढाच होता.

एका पावसाळ्यात तो सकाळीच दारात आला. गाडी चालूच होती.

"कार्ड दे. जल्दी."

"कुठी जाऊन राह्यला?"

"तुले काय कराचं? दे."

"सांगशील तर देतो."

"राहू दे मंग. घाल त्या डबीचं लोणचं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर चार माणसे छातीभर पाण्यातून खाट खांद्यावर घेऊन नाला ओलांडत होती. खाटेवर अडलेली बाई होती. फोटो आमच्याच कॅमेऱ्याचा होता. वरच्या कोपऱ्यातला धुरकट डाग मी ओळखला. कार्ड माझ्या डबीत होते. अर्थ एकच निघत होता: त्याने गुपचूप दुसरे कार्ड घेतले. मी ते चहाच्या टपरीवर चारचौघांत बोललो. तो हसला. "कार्ड तुह्याजवळ अन् आरोप माह्यावर? माह्याजवळ दुसरं कार्ड नाई." फोटो आला कसा, हे सांगितले नाही. माझ्या डेस्कने मला विचारले, तो फोटो आपल्याकडे का नाही, आणि महिनाभरात धानोऱ्याचे काम काढून घेतले. मी नागभीडला गेलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्या नाल्यावर पूल अजून नाही.

त्याच्या पत्नी, नसीमभाभी, यांच्याकडे त्याचा फोटो नव्हता. "दुनियेचे काढले, आपला एक नाई ठेवला. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. वोटिंग कार्डावरचा हाये, पण त्यात ते चोरावानी दिसते. तो नका छापू, भाऊ." मग म्हणाल्या, "पेपरात आला असता तर कापून ठेवला असता. पोरगी पोटुशी हाये. तिच्या लेकराले काय दाखवू?" उठून त्यांनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कॅमेरा काढला. ओल लागू नये म्हणून रफीक तो तिथे ठेवी. स्वयंपाकाला तांदूळ काढताना रोज हाताला लागतो, असे त्या म्हणाल्या.

कार्ड मी सोबत नेले होते. त्या जातीचे कार्ड आता दुकानातल्या कोणत्याही यंत्रात बसत नाही. पाहायचे तर याच कॅमेऱ्यात. कधीतरी चुकून तो चौकटीत आला असेल, एवढीच शक्यता होती. सेलच्या पत्र्यांवर हिरवट बुरशी चढली होती. ती खोडरबरने घासली. नवे सेल टाकले, झाकण बोटाने दाबून धरले, तेव्हा कॅमेरा लागला. कार्डात मोर्चे, उद्घाटने, तेंदूपत्त्याचे फड होते. रफीक कुठेच नव्हता. मधेच 'कार्ड एरर' आला. घासायला म्हणून कार्ड बाहेर काढले आणि कार्डाविनाच कॅमेरा पुन्हा सुरू केला.

पडद्यावर नाला आला. खाट, चार माणसे.

कॅमेऱ्याच्या पोटातच थोडी जागा होती. कार्ड नसेल तर फोटो तिथे जातात. कार्ड घातले की ते दिसत नाहीत. मला हे माहीत नव्हते. त्याला ते बहुधा त्याच दिवशी नाल्यावर कळले आणि त्याने मरेपर्यंत सांगितले नाही. त्यानंतर त्याने माझ्याशिवाय कॅमेरा वापरला, हेही दिसत होते. कपाटाच्या आरशासमोर उभे राहून फ्लॅश तपासल्याचे फोटो होते. प्रत्येकात त्याच्या तोंडाच्या जागी पांढरा लोळ.

भाभी खांद्यावरून पाहत होत्या. "हे शर्ट मीच घेतलं होतं..."

शेवटच्या फोटोच्या वेळी सेल संपत आले असावेत. फ्लॅश उडालेला नाही. काय बिघडले ते पाहायला त्याने कॅमेरा छातीपर्यंत खाली घेतला आहे, कपाळाला आठी आहे आणि ओठ काहीतरी बोलण्याच्या बेतात आहेत. कोणाला उद्देशून, ते मला ठाऊक आहे.

तोच फोटो या लेखासोबत आहे. बातमीत चूक निघाली की वृत्तपत्र दुरुस्ती छापते, तेवढी छापतो: रफीकजवळ दुसरे कार्ड नव्हते. बाकीचे आरोप कायम आहेत.

फोटो केबल लावून उतरवला आणि कॅमेरा परत द्यायला गेलो. कार्डही त्यांच्यापुढे ठेवले. भाभींनी कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळात खोल सरकवला आणि कार्ड माझ्याकडे लोटले.

"हे तुमच्याजवळ राह्यते, भाऊ. कॅमेरा इथी."

मी डबी उघडली, कार्ड आत टाकले आणि झाकण लावले.