लॅपटॉपचा हूटर

आमच्या शेजारचे चंपत रामटेके भित्रे आहेत, आणि हे मी त्यांचं कौतुक म्हणून सांगते आहे. पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या विषारी गॅसला ना रंग, ना वास. त्या गॅसच्या लाईनवर ज्याला उभी नोकरी काढायची, त्याला भीती अंगात मुरवूनच घ्यावी लागते. चंपतभाऊंनी ती इतकी मुरवली की निवृत्त झाल्यावरही ती गेली नाही. कुणाच्या लग्नाला गेले तर नवरदेवाच्या आधी ते मांडवातून बाहेर पडायची वाट बघून ठेवतात. माझ्याकडे चहाला आले तर चहाआधी सिलेंडरचा नॉब बघतात. त्यांची बायको शालू म्हणते, "यायले झोपीतबी हूटर आयकू येते."

हिंदी मुलखातल्या या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आमच्या दोन क्वार्टरांची भिंत एकच आहे, त्यामुळे त्यांचे नियम मला पाठ झाले आहेत. हूटर, म्हणजे कारखान्याचा धोक्याचा भोंगा, वाजला की पळायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही, चालू मशीन आपल्या मनानं बंद करायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या आणि कंट्रोल रूमला फोन करायचा. आणि सगळ्यात मोठा नियम, गॅसच्या जागी एकट्यानं पाय टाकायचा नाही. एक माणूस आत जातो, त्याचा जोडीदार दारात उभा राहतो आणि त्याच्यावरची नजर हलवत नाही. आतल्यानं मधून मधून हात वर करायचा, म्हणजे 'मी ठीक आहे'. हात वर आला नाही, तर जोडीदारानं त्याला ओढून काढायचं. चंपतभाऊंचा जोडीदार नत्थू आता खुर्सीपारला राहतो. बाजारात दोघे भेटले की आजही आधी हात वर करतात आणि मग जयभीम म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारे कुणाला तरी टाटा करताहेत.

त्यांची मुलगी करिष्मा बेंगळुरूच्या एका कंपनीत लागली आहे आणि घरच्याच मागच्या खोलीत बसून काम करते. त्या घरातली हेल्मेट न घालता करायची ही पहिली नोकरी. शालूनं लॅपटॉपवर टाकायला भरतकामाचा रुमाल केला, आणि कंपनीचा लॅपटॉप आहे म्हणून चंपतभाऊ त्या खोलीत चपला काढून जायचे. करिष्मानं घरात बजावून ठेवलं होतं, याला दुसऱ्या कुणी हात लावलेला कंपनीला चालत नाही, आणि मी अजून पक्की झालेली नाही. पासवर्ड मात्र तिनंच एकदा बाहेरून फोन करून बाबांना सांगितला होता, काहीतरी अडलं होतं म्हणून. तो त्यांच्या डोक्यात राहिला.

एप्रिल लागला होता. विहारात जयंतीची तयारी सुरू होती आणि लाऊडस्पीकरवर कुठली भीमगीतं लावायची हे चंपतभाऊंकडे होतं. त्यांना लहानपणी भंडाऱ्याकडच्या गावात ऐकलेली जुनी गाणी हवी होती. मोबाईलच्या पडद्यावर अक्षरं दिसत नव्हती. करिष्मा स्कूटरवर मैत्रिणीच्या हळदीला अहिवारा गावी गेलेली. एवढ्यानं काय बिघडतं, असं त्यांच्या मनात आलं. जन्मात कधी न आलेला विचार नेमका त्याच दुपारी यायचा होता. त्यांनी लॅपटॉप उघडला, गाणी शोधली, आणि फुकट डाउनलोड असं लिहिलेल्या एका मोठ्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

मी अंगणात पापड उलटत होते. एकदम भोंगा सुरू झाला. पाठोपाठ चंपतभाऊंच्या घराच्या सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या आणि ते दारात आले.

"ताई, तुमीबी बाहेरच राहा."

"काहाले? सिलेंडर लिक झाला काय?"

"करिष्माच्या लॅपटॉपचा हूटर वाजून राहिला."

मला हसू आलं होतं. पण त्यांचं तोंड पाहिलं आणि ते तिथंच विरलं. ओठ पांढरे पडले होते. बाहेर राहा म्हटलं की आत जायचं, हा माझा स्वभाव आहे, म्हणून मी आत गेले.

पडदा लालभडक झाला होता. त्यावर पांढऱ्या चौकटीत इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलं होतं, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, तुमची माहिती चोरीला जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. हेच एक बाई भोंग्याच्या वरच्या आवाजात पुन्हा पुन्हा बजावत होती. शालूनं प्लगकडे हात नेला.

"शालू, हात नोको लावू," चंपतभाऊ ओरडले. "लिवलं हाये ना, बंद करू नका. फोन करा. आमचाच नियम हाये तो."

तो खरंच त्यांचाच नियम होता. हूटर, बंद न करणं, फोन करणं, सगळं जसंच्या तसं. मी इतकी वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, पण त्या क्षणी मलाही तो शहाणपणाचाच सल्ला वाटला. करिष्माला शालूनं फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

"पोरीची नोकरी गेली, ताई," चंपतभाऊ म्हणाले. "माह्या हातानं गेली." आणि त्यांनी पडद्यावरचा नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. मी सिक्युरिटी विभागातून राजदीप बोलतो, म्हणाला. लॅपटॉप कुणाचा, हे त्यानं विचारलं आणि चंपतभाऊंनी आपलं नाव, पोरीची कंपनी, सगळं खरं ते सांगून टाकलं.

"कंपनी का है? अंकल, फिर तो मामला बहुत सीरियस है. कंपनी का डेटा जा रहा है. बेटी पे केस बनेगा."

शालू पलंगावर बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. त्या माणसानं लॅपटॉपवर टाकायला वेबसाइटचा एक पत्ता सांगितला. चंपतभाऊ एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तो लिहीत गेले. शेजारचीच अक्षरं दाबली जात होती, आणि तो माणूस न चिडता पुन्हा सांगत होता. मग म्हणाला, पुढचं बटण मी सांगेन तेव्हा दाबा, आधी मोबाईलवर बँकेचं ॲप उघडा. तेवढ्यात शालूचा हुंदका बाहेर पडला.

"वहाँ और कौन है? सबको बाहर भेजिए और दरवाज़ा बंद कीजिए. किसी को कुछ बताना नहीं, बेटी को भी नहीं. आप अकेले बैठिए."

चंपतभाऊंचं बोट हवेतच थांबलं.

"अकेला?" ते म्हणाले.

"हाँ, बिलकुल अकेले."

"साहब, अलार्म में आदमी को अकेला कौन बैठाता है? जोड़ीदार कौन है मेरा?"

"कौन जोड़ीदार? अंकल, टाइम खराब मत करो. पाँच मिनट में पुलिस आ जाएगी." अदब संपली होती.

चंपतभाऊंनी फोन कापला. "हा कंट्रोल रूमचा माणूस नाही," ते आम्हाला म्हणाले.

कुणाला वाटेल, इथं भीती संपली. उलट ती दुप्पट झाली. हा सिक्युरिटीवाला नाही, तर मग कोण? त्याला आपला नंबर मिळाला, नाव कळलं, पोरीची कंपनीसुद्धा कळली. त्याचे फोनवर फोन येऊ लागले. शालूनं मोबाईल उशीखाली दाबला, तो उशीखालीही थरथरत राहिला. लाल पडदा तसाच होता, भोंगा तसाच वाजत होता, आणि रस्त्यावरून मोटरसायकल गेली तरी आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो. मी एकदा गुपचूप कडी लावायला उठले. चंपतभाऊंनी मान हलवली. हूटर असताना दार बंद करायचं नाही.

मग शालूच्या फोनवर करिष्मा आली. स्पीकरवर सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं,

"बाबा, कुछ इन्स्टॉल किया क्या?"

"पत्ता लिवला. पुढचं बटन नाही दाबलं."

"वाय-फाय बंद करा. आनि पॉवरचं बटन दाबून धरा. पूरा बंद होतपर्यंत सोडू नका."

मी वाय-फायचा खटका पाडला. पण चंपतभाऊ त्या छोट्या बटणापाशी बोट नेत आणि मागे घेत. हूटर चालू असताना मशीन बंद करायला त्यांचा हात धजावत नव्हता. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्याशी आला होता. मला त्यांची इतकी दया आली की मीच दाबणार होते. तेवढ्यात शालू उठली, खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी आहो ना दारात. तुमच्याकडंच पाहून राहिली. दाबा."

त्यांनी दाबलं आणि धरून ठेवलं. पडदा काळा झाला. पंख्याचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं की तो इतका वेळ चालूच होता.

करिष्मा आली ती हळदीच्याच साडीत. बाबांसमोर खाली बसली आणि घाईघाईनं म्हणाली, "ऑफिस में नहीं बताऊँगी. बंद झालं ना, बस. कोणालेच काही सांगाचं नाही. ताई, तुमीबी नका सांगू."

खरं सांगते, मला ते पटलं. झालं ते झालं, झाकून टाकावं, पोरीची नोकरी वाचावी. चंपतभाऊंना तर ते सर्वांत सोयीचं होतं, कारण चूक त्यांची होती.

"सांगाचं, बेटा," ते म्हणाले.

"नौकरी गई तो?"

"जाईन. पण हे पोटात ठेवून त्या खोलीत रोज एकटी बसशीन काय? थो फोनवालाबी हेच म्हने, कोणाले सांगू नोको." त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "तू आत जा. मी दारात आहो."

पुढचं सगळं नीट झालं. कंपनीनं लॅपटॉप मागवून तपासला. ते लाल पान म्हणजे नुसतं चित्र आणि आवाज निघालं, आत काही शिरलेलंच नव्हतं. करिष्माला कडक ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी ती मागच्या खोलीत आमच्याकडे पाठ करून, ऑफिसला फोन लावून बसली होती. तिनं इंग्रजीत सगळं सांगितलं. पासवर्ड सांगितल्याचं, बाबांनी लॅपटॉप वापरल्याचं, काहीच वगळलं नाही. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. चंपतभाऊ उंबऱ्यावर उभे होते, दोन्ही हात चौकटीला, ओठ दुपारसारखेच पांढरे. ते आतही गेले नाहीत आणि मागेही सरले नाहीत. त्यांच्या शर्टाचं टोक शालूनं मुठीत धरलं होतं.

पलीकडून कुणीतरी बोलायला लागलं. करिष्मा ऐकत राहिली. मग मागे न बघता तिनं डावा हात वर केला.

चंपतभाऊंनी चौकटीवरचा हात सोडून आपलाही वर केला. तिला तो दिसत नव्हता, तरी तो त्यांनी खाली घेतला नाही.