गॅस स्टेशनवरची फिनिश

२००१च्या त्या सप्टेंबरनंतर अमेरिकेत शुगर लँड या उपनगरात राहणाऱ्या एका काकांनी आम्हा मराठी विद्यार्थ्यांना बजावलं होतं, "बाहेर आपली भाषा बोलायची नाही. कुणाचं डोकं कधी फिरेल, सांगता येत नाही." मी जास्तच शहाणा. बाहेर फिनिश बोलायला लागलो. माझा रूममेट फिनलंडचा, सोनेरी केसांचा. तोच मला शिकवत होता. गोऱ्यांची भाषा बोलल्यावर कोण कशाला अंगावर येईल?

एका दुपारी गॅस स्टेशनवर पेट्रोल भरताना आम्ही फिनिशमध्येच बोलत होतो. मागून एकानं माझी मान धरली आणि तोंड गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर आपटलं. दात ओठात घुसला. "इथे अरबी चालणार नाही!" म्हणत दुसऱ्यानं बरगडीत लाथ घातली. मग रूममेटकडे वळून तोच मायेनं म्हणाला, "तू ठीक आहेस ना? हा त्रास देत होता का?"

रूममेटनं त्याचं नाक फोडलं. मी पहिल्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावलो. दोघे शिव्या देत पळाले.

गाडीत मला एकदम हसू फुटलं. आदल्याच आठवड्यात रूममेटनं सांगितलं होतं, की फिनिशचं नातं एस्टोनियनशी, लांबून हंगेरियनशी. इंग्रजी आणि मराठी मात्र मुळात एकाच घराण्यातल्या, आणि फिनिश त्या घराण्याबाहेरची.

"पोलिसांना फोन करू?" त्यानं विचारलं.

रक्त थुंकत मी म्हटलं, "तू परका माणूस, मध्ये पडू नकोस. ही आमची भाऊबंदकी आहे."