जास्तीचा काप

तिचा हात चांगला होता, तेच तिच्या मुळावर आलं. घरामागच्या खोलीत बाबांचं मिलिंग मशीन. त्यावर पंपाच्या ओतीव बॉडीला भोक पाडायचं, तेही असं नेमकं की बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने आत जाईल आणि बॉडी उलटी केली तरी पडणार नाही. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा 'दोन महिने तू बघ' म्हणाले होते. त्या दोन महिन्यांना आता वर्षं लोटली. हे काम देणारा पंपवाला चारचौघांत तिला 'मायक्रॉन' म्हणतो. कौतुकच हो ते! पण कौतुकाने माणूस जखडतो तो असा.

थोरला भाऊ मोकळा. तो फोनवरून बापाची काळजी घेतो. तिला मात्र दुसऱ्या गावातल्या एका कारखान्याने मोजमाप विभागात बोलावलं होतं आणि उद्या सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आठवडाभर तिने विषय काढला की बाबा म्हणायचे, चहा गार होतोय. सरळ नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. गार चहाशी काय भांडणार, कपाळ?

शेवटी तिने ठरवलं, एक बॉडी नासवायची. मोठं झालेलं भोक काही लहान होत नाही. पंपवाला चिडेल, काम दुसरीकडे नेईल, बाबा मशीन विकून टाकतील आणि आपण सुटू.

शेवटच्या कापाआधी तिने सवयीने माप घेतलं. केसभर काढलं की काम फत्ते. तिने बोरिंग बारचा, म्हणजे भोक कापणाऱ्या दांड्याचा, स्क्रू केसभर फिरवला. मग आणखी फिरवला. चांगलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं. रडू येत होतं, तरी तिने मशीन सुरू केलं.

काप संपल्यावर बाबा तपासायला आले आणि त्यांनी थरथरत्या हाताने बेअरिंग भोकावर धरलं. ते टपकन आत पडलं. बाबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. यांना कळलं, तिला वाटलं. आता ओरडतील, आणि ओरडले की सगळं एकदाचं बोलून टाकू.

पण बाबा चक्क हसले. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"माझ्याकडूनही झालंय असं. घाबरू नकोस. भोक आणखी मोठं कर, त्यात एक कडी दाबून बसवू आणि त्या कडीला मापाचं भोक पाडू. पंपवाल्याला पत्ताही लागणार नाही."

मग निवांत श्वास सोडून म्हणाले, "एवढंच शिकवायचं राहिलं होतं बघ तुला. आता मी असलो काय, नसलो काय, तुझं इथे काही अडणार नाही."

ती "बरं, बाबा" म्हणाली आणि तिने बार पुन्हा खाली घेतला.