तीनाचे सात

डिचोलीत काहीही बिघडलं की आम्ही दोघांना शिव्या घालतो, लायटीला आणि धुळीला. पंखा मंद फिरतो? लायट डिम आहे. खोकला जात नाही? मायनिंगची धूळ. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या फायलीत आकडे चुकायला लागले, तेव्हा आधी या दोघांचाच उद्धार झाला. मग दादांचा झाला. माझा कधीच झाला नाही, आणि खरा गुन्हेगार मीच होतो.

गोवा घटकराज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. सुर्ल्याला एका खाण-कंत्राटदाराच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायला होतो, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. म्हापशाला एक छोटा कोर्स केलेला, बस्स. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. ऑफिसात चांगलं मशीन एकच. त्यात खाणीच्या पातळ्यांची फाईल असायची, म्हणजे कुठल्या टप्प्यावर किती खोल खणायचं याचे आकडे. ते भरायचं काम दादांचं.

दादा चंदगडकडचे, पंचेचाळिशीचे. सेंट्रिंगच्या कामावर आले आणि पुढे याच ऑफिसात पाणी भरता भरता टायपिंग शिकले, तेही एका बोटाने. "बोट एकच हाय, पर भरवशाचं हाय," असं हसून सांगायचे. मये गावात भाड्याची खोली, बायको काजूच्या कारखान्यात, मुलगी दहावीत. वयाने माझ्या दुप्पट असून मला 'मास्तर' म्हणायचे, आणि मला त्याची लाजही वाटायची नाही.

आमच्या सायबाला घाई फार. "च्या पियेवन परत आयलों तरी फायल उगडना रे!" असं रोजचं चालायचं. एके दिवशी मी छाती फुगवून म्हणालो, "सायब, फुकटात फास्ट करून देतो." घरच्या मशीनमधली रॅमची, म्हणजे मेमरीची, एक पट्टी काढून आणली. ऑफिसातल्या पट्टीवर वेग लिहिला होता एकशे तेहतीस, माझ्या पट्टीवर शंभर. कंपनीही वेगळी. दोन्ही शेजारी शेजारी बसवल्या आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या मशीनचा वेग शंभरावरून एकशे तेहतीसवर चढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दोन चालींचे बैल एका जोताला बांधून वर चाबूक मारू नये, हे मयेतला कुठलाही शेतकरी सांगेल. पण मी कोर्स केलेला ना!

मशीन चालू झालं आणि फाईल खरंच झटकन उघडली. सायबाने पाठ थोपटली.

पंधरा दिवसांत पहिला आकडा चुकला. त्रेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस. सायब दादांवर खेकसला. दादा गोंधळून म्हणाले, "न्हाई वो सायेब, म्या तीनच लिवला हुता." मी मशीन उघडलं, लाल धूळ फुंकली, रॅमच्या पट्ट्यांचे दात खोडरबरने घासले, परत लावल्या. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी एकाचे पाच झाले. एकदा तर आठाच्या जागी भलतीच कोपऱ्यासारखी खूण आली. ती दादांना कीबोर्डवर शोधूनसुद्धा सापडली नाही.

सायबाने मला सरळ विचारलं, "मशीन बरें आसा मरे?"

"मशीन एकदम ठीक आहे," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण जीभ! मी दादांकडे वळून काळजीच्या सुरात म्हणालो, "दादा, एकदा डोळे तपासून घ्या. वय झालं की होतं असं."

बिचारे म्हापशाला जाऊन चष्मा घेऊन आले. पंचेचाळिशीत कुणालाही लागतो तेवढाच जवळचं वाचायचा नंबर निघाला, लांबचं लख्ख दिसत होतं. पण नंबर निघाला म्हणजे दोष निघाला, असं सायबाने ठरवलं, आणि दादांनीही. त्यानंतर ते एकेक आकडा टाकून पडद्याला नाक लावून बघायचे. आपल्याच बोटावरचा त्यांचा भरवसा उडाला.

मग एका टप्प्यावर पोकलेनने चुकीच्या पातळीला अर्धा दिवस खणलं. कुणाला इजा झाली नाही, पण सायब पेटला. सगळ्यांसमोर म्हणाला, "घाट्याक खुर्चेर बसयलो ही म्हजीच चूक." दादांना आठ दिवस घरी बसायला सांगितलं. पुढचं नंतर ठरवू, म्हणाला.

त्या रविवारी मी एकटाच ऑफिसात गेलो. मनात शंका आली होती, नाही म्हणत नाही. मेमरी तपासायचा प्रोग्राम फ्लॉपीवर मिळायचा, तो लावला. ऑफिसाची पट्टी एकटी तपासली, पास. माझी पट्टी एकटी तपासली, तीही पास. हुश्श केलं. दोन्ही एकत्र लावून तपासल्या आणि पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग लागली. वेग शंभरावर उतरवला. दोन्ही एकत्र असूनही लाल ओळ एक नाही.

मग दादांच्या चुका काढून बघितल्या. तीनाचे सात. एकाचे पाच. शून्याचे चार. प्रत्येक वेळी बरोबर चार वाढलेले. माणूस चुकतो तेव्हा दहा तऱ्हांनी चुकतो. असं एकाच मापाने यंत्र चुकतं. ती कोपऱ्यासारखी खूणही त्याच हिशोबात बसत होती; मशीनच्या खुणांच्या यादीत आठाच्या पुढे चौथी तीच येते. दादांनी तीनच लिवला होता.

मी काय केलं? वेग खाली आणला, माझी पट्टी काढून खिशात घातली, धूळ पुसली आणि घरी जाऊन जेवलो.

सोमवारी सांगायचं असं ठरवून गेलो होतो. सायबाने दादांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवलेला. उद्या सांगू, म्हटलं. आठ दिवस एकही आकडा चुकला नाही, आणि चुकणार कसा? आठव्या दिवशी सायब म्हणाला, "पळय, मशीन बरेंच आशिल्लें. मनीस वायट." मी गुपचूप केलेली दुरुस्ती दादांविरुद्ध साक्षीला उभी राहिली. त्याच संध्याकाळी सायबाने मला कायम केल्याचं सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोराला बढती.

दादा शेवटचा हिशोब घ्यायला आले तेव्हा भांडले नाहीत. मला म्हणाले, "मास्तर, जरा देवळापातुर येता? तुमचा देव, त्याला तुमची माणसं कळत्यात. आमचं बोलणं त्याला कळंल न कळंल." हातात नारळ होता. आमच्याकडे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात ते कशासाठी, हे मला ठाऊक होतं. ज्याने हे केलं त्याला दाखव, असंच ते मागणार.

दुपारची वेळ. देवळात गुरव, दादा आणि मी, चौथं कुणी नाही. गुरवाने दादांना काय मागायचं ते विचारून घेतलं, नारळ पुढे ठेवला आणि आवाज लावला :

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान तुज्या पांयांकडेन नाल्ल दवरला. ताची नदर उणी जाल्या, ती ताका परत दी. ताज्या हातांतल्यान चूक जाली आसल्यार पोटांत घाल, म्हाराजा!"

नजर आणि माफी, एवढंच मागून दादा हात जोडून, डोळे मिटून उभे. गुरव थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. बाकीच्यांनी होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि बाकीचा असा मी एकटाच होतो.

"अरे, म्हण मरे!" गुरव म्हणाला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"व्हडल्यान म्हण."

"व्हय म्हाराजा!"

बाहेर आलो. समोरच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक चालले होते. दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पार वळणावर पोचलेल्या ट्रकच्या पाठीवरचा नंबर वाचायला लागले. "तीन... सात... एक... तीन. बरुबर हाय न्हवं मास्तर?"

मला तो नंबर नीट दिसतही नव्हता. "बरोबर आहे," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली. "देव पावला की वो!" म्हणाले. "सायबास्नी सांगशीला? आता दिसतंया म्हणावं. पोरीची परीक्षा हुईपातुर तरी ठेवून घ्या म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

पंधरा दिवस ते मयेच्या खोलीवर निरोपाची वाट बघत राहिले. मी सायबाशी बोललोच नाही. मग त्यांनी परीक्षेआधीच मुलीचं नाव शाळेतून काढलं आणि सगळे चंदगडला गेले.