गोवर आणि कडुनिंब

दवाखान्याचं औषध मीच मोरीत ओतलं आणि खंडूच्या उशाला कडुनिंबाचा ताजा डहाळा ठेवला. तीन वर्षांचं माझं पोरगं गोवरानं फणफणलं होतं, त्याला धाप लागली होती.

सासूबाई म्हणाल्या, "देवी पाहुणी आलीय. औषध पाजून तिला हाकलतीस व्हय?"

मलाही माहेरी हेच शिकवलं होतं. गोवर म्हणजे देवी. घरात फोडणी बंद, नुसता कडुनिंबाचा वास.

माझ्या लेकीला, गंगूलाही गोवर होता, पण पोरीसाठी एवढं पथ्य कोण पाळणार? औषध आणून देणाऱ्या शेजारच्या शकीलाखालांनी मोरीतली रिकामी बाटली पाहिली आणि गंगूला उचललं. "तुम्हारी देवी बेटे के पास बैठी है ना? इसको मैं ले जाती."

"न्या," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला काय हुतंय."

खालांनी तिला पडेगावच्या दवाखान्यात नेलं.

काल पाडव्याला गंगूनं कडुनिंब-गुळाची गोळी माझ्या हातावर ठेवली. आता तिचेच केस पिकलेत. मी गोळी तोंडात घातली नाही. लोक अजून म्हणतात, खंडूला देवीनं नेलं. देवीनं काही नेलं नाही. औषध माझ्या हातात होतं.

खंडू तिसऱ्या दिवशी गेला. गंगू जगली.