अंडेवाल्यांचा बिसेन्ते

आमच्या गुआम बेटावर वडीलधाऱ्या बाईला ‘तान’ म्हणतात. गावात कुणी वारलं की नऊ संध्याकाळ प्रार्थना सांगायला तान एन्ग्रासिया लागते. सारे मेलेले तिला घराण्यांच्या टोपणनावांसकट पाठ.

बेट जपान्यांच्या हातून सुटल्याला पन्नास वर्षं होत आली, तेव्हा गावानं स्मारक बांधायचं ठरवलं. युद्धात गेलेल्यांची नावं दगडावर कोरायची होती. यादी मेयरच्या कचेरीबाहेर लागली. एन्ग्रासियानं ती दोनदा वाचली. ‘बिसेन्ते नापुती’ एकदाच होतं. त्या नावाची दोन माणसं गेली होती. त्यांतला एक तिचा बाप. त्याला धावपट्टीच्या कामावर वेठीला नेलं, तो परतलाच नाही. कबरसुद्धा नाही.

तिच्याबरोबर मी कचेरीत गेलो. मेयर हाबियेर माझा जुना विद्यार्थी. त्यानं उठून आमच्या रीतीप्रमाणे तिच्या हाताला नाक लावलं.

“तान, नाव दोनदा आलं होतं. चूक समजून मीच एक खोडलं. पुन्हा घालतो.”

“नुसतं नको. पुढे ‘चादा’ घाल.”

“चादा म्हणजे अंडं. दगडावर अंडं कोरायचं? पाहुणे हसतील.”

“हसू देत. माझा आजा अंडी विकायचा, चोरायचा नाही.”

“पण तान, स्मारकाला काही शोभा हवी.”

“तुझ्या आईला फोन लाव. विचार, बिसेन्ते नापुती कोण होता.”

उत्तर येत नसलं की हाबियेर चौथीतही कान खाजवायचा. आताही खाजवला आणि फोन लावला. त्याच्या आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

“कुठला बिसेन्ते? अंडेवाल्यांचा की लंगड्यांचा?”

हाबियेरनं यादी पुढ्यात ओढली.

“आणि हे बघ,” आई पुढे म्हणाली, “टोपणनावं घालणार असाल तर आपलंही घाला. नुसत्या नावानं तुझे आजोबा कुणाला सापडायचे?”

त्यांच्या घराण्याला सारा गाव ‘खादाड’ म्हणतो. एन्ग्रासिया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

एकवीस जुलैला स्मारकाभोवती गर्दी झाली. लोक आपापली माणसं टोपणनावांनी हाका मारून शोधत होते. एन्ग्रासियानं बापाच्या नावावर आणि पुढे कोरलेल्या ‘चादा’वर तळहात ठेवला आणि शेजारी उभ्या लंगड्यांच्या नातीला म्हणाली, “तुझा खालच्या ओळीत आहे बघ. जवळजवळच ठेवलेत दोघांना.”