मामीला आणायला बिनटपाची गाडी

आमचे बकाराममामा सौंदडचे. धानाची आठ एकर शेती होती, पण शेतकरी म्हणून कोणी ओळख करून दिली की त्यांना राग यायचा. ते धुरकरी. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकतो तो धुरकरी. आपल्या तोडीचा धुरकरी अर्जुनीपर्यंत नाही, असं मामा स्वतःच सांगत फिरायचे, आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. चूक कबूल करणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. ठेच लागली तरी दगड चुकीच्या जागी होता म्हणायचे.

ही गोष्ट त्रेपन्न सालची. मामांची बाजू मला मामांनी सांगितली, मामीची मामीने. दोघांचं जुळत नाही तिथं मी मामीवर विश्वास ठेवला आहे.

त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या पटात मामांची जोडी पहिली आली. पट तीन कोसांवरच्या गावात होता. जाताना मामांनी तीच जोडी रेंगीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, जुंपली होती आणि देवकामामीला तीत बसवून नेलं होतं. पण रीत अशी, की जिंकलेल्या जोडीच्या मानेवर त्या दिवशी पुन्हा जू ठेवायचं नाही. गुलाल लावून, वाजतगाजत, पायी गावात न्यायची. मामा बैलांच्या पुढे नाचत निघाले. मामी बिनबैलाच्या रेंगीत बसून राहिली. कोणाचे तरी बैल मागून घेऊन येतील, असं तिला वाटलं. मैदान रिकामं झालं, रेवडीवाल्यानं दुकान आवरलं, तरी कोणी येईना.

इकडे मामा दारात पोचले आणि ऐटीत ओरडले, "देवके, आरती आन." घरातून कोणी आलं नाही. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

ते धावत परत जाईपर्यंत मामीचा भाऊ उदाराम, जो पट बघायला आला होता, तिला घेऊन माहेरी निघून गेला होता. माहेर आमच्याच भागातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी. मामांनी गावात सांगितलं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून गेली. चार दिवसांनी मामीचा निरोप आला, "चूक कोनाची ते चार लोकाइत सांगा, मंग मी इन."

मामांचं म्हणणं, चूक रीतीची होती. माझ्या आईनं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, हात जोडून पाहिले. महिना गेला. मामा करपलेला भात खाऊन गोठ्यात बैलांशी बोलत बसायचे. त्यांना मामी हवी होती, फार हवी होती, पण ती मान खाली न घालता हवी होती.

अशात एका सकाळी मुन्नालाल आला. गोंदियाच्या राईस मिलवाल्यांचा हा मुलगा पटाचा शौकीन, मामांना काका म्हणायचा. त्यानं नागपुरात एका विलायतेला परत निघालेल्या साहेबाची गाडी घेतली होती. लालभडक, बुटकी, टप मागे दुमडलेला, शर्यतीसाठीच बनवलेली. प्रतापगड बघायचा होता आणि वाट दाखवायला माणूस हवा होता. मामांच्या मनात लगेच बेत शिजला. अशी गाडी दारात उभी राहिली की देवका सगळं विसरून येऊन बसेल, बोलायची वेळच येणार नाही. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि उडी मारून गाडीत बसले.

कोहमाऱ्याच्या पुढे जंगल लागलं. कापलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक निळं फुललं होतं, पळसाला लाल कळ्या धरल्या होत्या. मुन्नालालनं गाडी सोडली आणि मामांच्या अंगात पट शिरला. उतार आला की त्यांचे पाय ताठ व्हायचे, चढ आला की तोंडातून आपोआप "हट्ट, हट्ट" निघायचं.

मुन्नालाल हसून म्हणाला, "काका, ये पेट्रोल से चलती है, आवाज से नहीं."

"मंग मी बोललो का जोरात काऊन पळून रायली?" मामा म्हणाले.

नवेगावच्या चढावर मामांनी पुढच्या पत्र्याला हात लावून पाहिलं. "मुन्नाशेठ, थांबा. जनावर दमलं. पानी दाखवा त्याले." मुन्नालाल पुन्हा हसला. दुसऱ्याच वळणावर गाडीच्या तोंडातून वाफ निघाली, तेव्हा मात्र तो खाली उतरला. मामांनी रस्त्यालगतच्या नवेगावच्या तलावातून दोन डबे पाणी आणून दिलं. हा पराक्रम पुढं वीस वर्षं आम्हाला ऐकावा लागला.

गाडी निवेपर्यंत दोघं काठावर मुन्नालालच्या डब्यातल्या पुऱ्या खात बसले. तलाव डोंगरांत शिरून पसरलेला, पलीकडे सात बहिणी म्हणतात त्या टेकड्या, पाण्यावर बदकांचे थवे. मामांना इतकं बरं वाटत होतं की पुरी हातातच राहिली. मग ते म्हणाले, "देवकानं हे पाहाले पायजे होतं." आणि त्यांनी मुन्नालालला सगळं सांगितलं.

"तो बोल दो ना काका. दोन शब्दांचं काम."

"मी धुरकरी हाव," मामा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

दुपारी ते सासुरवाडीला पोचले. प्रतापगडाचा डोंगर समोर, आणि गाडीभोवती सगळं गाव गोळा. सासूबाई जमुनाबाई म्हणाल्या, "या जवाईबापू." उदारामनं गाडीला एक चक्कर मारून मेहुण्याला विचारलं, "भाटो, यात जागा तं दोनच हायेत. बाई कुठं बसन?"

शर्यतीच्या मैदानात हाताचं अंतर डोळ्यांनी मोजणाऱ्या माणसानं गाडीतल्या जागा मोजल्या नव्हत्या. तेवढ्यात मामी बाहेर आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मुन्नालालला म्हणाली, "बापू, मले एक चक्कर मारून आना." आणि पदर खोचून मामांच्या जागेवर बसली. गाडी धुरळा उडवत डोंगराकडे गेली.

मामा ओट्यावर बसले. लोक गाडीबद्दल विचारत होते, किती पळते, काय खाते. मामा काय बोलले ते त्यांनाही आठवत नाही. अर्धा तास गेला, तास गेला. कुठं बंद पडली असेल का, दरीत गेली असेल का, की देवका तिकडूनच आणखी कुठं निघून गेली. रस्त्याकडे डोळे लावून बसणं काय असतं, ते त्या दिवशी त्यांना कळलं.

शेवटी गाडी आली. मामीचे केस सुटलेले, चेहरा हसून हसून लाल. ती उतरली आणि आत जाता जाता म्हणाली, "फिरून झालं. आता जा तुमी."

मामा ओट्यावरून उठले. शंभर माणसं तरी उभी असतील. "देवके, मी तुले इसरलो होतो," ते म्हणाले. आवाज पटात लागतो तसा मोठा लागला. "बैल ध्यानात रायले, बायको नाई रायली. रीतीची चूक नोहे, माही चूक होती. मले घर खायाले धावते. चाल."

कोणी हसलं नाही. जमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामी म्हणाली, "लुगडं बदलून येतो," आणि आत गेली.

परतीला मामी पुढे बसली आणि मामा मागे, दुमडलेल्या टपावर, दोन्ही हातांनी घट्ट धरून. जन्मभर पटाच्या गाडीवर तोल सांभाळलेला माणूस, त्याला काय अवघड. ऊन उतरलं होतं, डोंगर निळे दिसत होते, मामा मागून "हट्ट, हट्ट" ओरडत होते आणि मुन्नालाल गाडी पळवत होता. प्रत्येक वळणावर मामी मान मागे वळवून विचारायची, "हाव ना?" आणि मामा वाऱ्यातून ओरडायचे, "हाव." सौंदड येईपर्यंत हेच चाललं होतं.

मी मोठी झाल्यावर मामीला विचारलं, एवढं काय सारखं मागे बघत होतीस. ती सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली, "दोघाइतल्या एकानं तं ध्यान ठेवा लागते ना, बाई."